गुंज, कुळीथ आणि कर्करोग

सराफाच्या तराजूतील गुंज आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. रक्तासारखी लाल, टोकाशी काळा ठिपका, आणि वजनाला इतकी सारखी मानलेली की आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा हे कोष्टक पिढ्यान् पिढ्या तिच्यावर उभे राहिले. कुळथाची ओळख तर करून द्यावयासच नको. कोकणातले पिठले आणि देशावरचे हुलग्याचे माडगे ज्याने चाखले नाही असा मराठी माणूस विरळा. सराफी पेढीवरची ही बी आणि स्वयंपाकघरातील हे धान्य एकाच कुळातील, शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील आहेत. या कुळातील बियांत एका विशेष जातीचे प्रथिन असते. ते प्रथम विष म्हणून ओळखले गेले, पुढे रक्ताची पारख करण्याचे साधन बनले, आणि अखेरीस कर्करोगाच्या पेशीपर्यंत जाऊन पोचले. त्याचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

हा विषय निवडण्यास एक कारण आहे. कर्करोगाने घरात पाऊल टाकले म्हणजे शहाणीसुरती माणसेही ऐकीव उपायांच्या मागे लागतात. अमुक कडधान्य कच्चेच भिजवून खावे, तमुक दाण्याचे पाणी प्यावे, त्यात कर्करोगाचा नाश करणारे द्रव्य आहे, असे छातीठोकपणे सांगणारा कोणीतरी भेटतोच. अशा सांगण्यात सत्याचा कण असतो, आणि म्हणूनच ते अधिक घातक ठरते. तो कण कोणता व किती, हे समजण्यास प्रथम थोडे मागे गेले पाहिजे.

गेल्याच्या मागील शतकात बंगालमध्ये गुरे मारण्याचा एक दुष्ट प्रकार चालत असे. गुंजा भिजवून वाटावयाच्या, त्या लगद्याची टोकदार काडी वळून उन्हात वाळवावयाची आणि ती रात्री जनावराच्या कातडीत टोचून मोडावयाची. तिला ‘सुई’ असेच नाव होते. दोनचार दिवसांत जनावर मरे आणि त्याचे कातडे मारेकऱ्याच्या हाती पडे. याच सुमारास, १८८२ साली, पॅरिसमधील नेत्रवैद्य द वेकर याने ब्राझीलमधील एक लोकोपचार युरोपात आणला होता. तेथे खुपरीच्या रोगावर गुंजेचे पाणी डोळ्यांत घालीत. त्याने डोळ्याला भयंकर दाह होई आणि दाह ओसरल्यावर कधी कधी खुपऱ्या गेलेल्या दिसत. हा दाह कशाने होतो? ते दिवस सूक्ष्मजंतूंच्या शोधांचे होते, तेव्हा काही पंडितांनी गुंजेच्या पाण्यातील जंतूंवर ठपका ठेवला. कलकत्त्यातील वॉर्डन व वॅडेल या दोघांनी १८८४ साली या मताचा निरास केला. दोष जंतूंचा नसून गुंजेतील प्रथिनाचाच आहे असे त्यांनी दाखविले आणि त्यास ‘अ‍ॅब्रिन’ हे नाव दिले.

चार वर्षांनी, १८८८ साली, डोर्पाट येथील विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू गावी, हर्मान श्टिलमार्क नावाचा विद्यार्थी एरंडीच्या विषावर प्रबंध लिहीत होता. एरंडी शेंगांच्या कुळातील नव्हे, परंतु तिचे विष गुंजेच्या विषाचे सख्खे भावंड आहे. श्टिलमार्कने ते रक्तात मिसळून पाहिले, तेव्हा तांबडे रक्तकण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनले. रक्त साकळणे वेगळे आणि हे वेगळे. येथे जणू कोणी कणाकणाला हात धरून एकत्र बांधीत होते. लवकरच गुंजेच्या विषातही हाच गुण आढळला. पाऊल एर्लिखने १८९१ साली ही दोन्ही विषे अत्यल्प मात्रेपासून चढवीत उंदरांना दिली. ते उंदीर पुढे मोठ्या मात्रेलाही दाद देईनासे झाले. मात्र एरंडीला सरावलेला उंदीर गुंजेने मरे आणि गुंजेला सरावलेला एरंडीने. शरीर प्रत्येक विषावर स्वतंत्र उतारा तयार करते, हा रोगप्रतिकारशास्त्रातील एक मूळ सिद्धांत या दोन बियांनी शिकविला.

येथपर्यंत विषाची कथा झाली. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने १९०७-०८च्या सुमारास घेवडा, वाटाणा, मसूर अशा रोजच्या खाण्यातील दाण्यांचे अर्क रक्तात घालून पाहिले, आणि रक्तकणांचे पुंजके बांधणारे द्रव्य त्यांतही सापडले. म्हणजे हा केवळ विषारी बियांचा गुण नव्हता. तरीही पुढली कित्येक वर्षे या शोधाकडे कोणी फारसे वळले नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातील जेम्स समनर याने १९१९ साली अबईच्या जातीच्या जॅकबीनमधून अशा एका प्रथिनाचे स्फटिक काढले. शिकारीच्या अपघातात मुलपणीच या गृहस्थाचा डावा हात गेला होता, आणि तो मूळचा डावखुरा! उरलेल्या एका हाताने त्याने जे रसायनशास्त्र केले त्यास १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९३६ साली त्याने असे दाखविले की, आपल्या त्या प्रथिनाने बांधलेले पुंजके उसाची साखर घातली असता बांधले जात नाहीत. या एका निरीक्षणात पुढील सर्व इतिहासाची किल्ली होती. बीमधील प्रथिन पेशीला जे धरते ते तिच्या पृष्ठभागावरील शर्करेला धरते. बाहेरून साखर पुरवली की त्याचे हात तिच्यातच गुंततात आणि पेशी मोकळी राहते.

माणसाच्या रक्ताचे ए, बी, एबी व ओ असे गट असतात हे आपण जाणता. बॉस्टनच्या विल्यम बॉइड याने १९४५ साली कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानातून लायमा जातीचे वाळलेले पावटे आणविले आणि त्यांचा अर्क निरनिराळ्या गटांच्या रक्तांत घातला. ए गटाचे रक्तकण एकत्र झाले. बी व ओ गटांचे तसेच मोकळे राहिले. रक्ताची जी जात ओळखण्यास मनुष्याच्या रक्तातील दुर्मिळ द्रव्ये लागत, ती बाजारातल्या पावट्याने ओळखली! पुढे १९५४ साली बॉइडनेच या प्रथिनांना ‘लेक्टिन’ असे नाव दिले. ‘निवडणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून ते आले आहे. आपल्याकडे दाणे निवडतात. येथे दाणाच निवड करू लागला.

आता आपण पुण्यास येऊ. ए गटाचेही दोन पोटगट आहेत, ए-एक आणि ए-दोन. रक्त देण्याघेण्याच्या कामी व रक्तातील एखादा चमत्कारिक विरोध उलगडताना त्यांचा भेद जाणणे जरूर पडते, आणि तो भेद त्या वेळी मोठ्या खटाटोपाने करावा लागे. सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातील रक्तसंक्रमण विभागात जी. डब्ल्यू. जी. बर्ड नावाचे डॉक्टर होते. त्यांनी या देशातील दाण्यांचे अर्क तपासण्यास घेतले आणि १९५१ साली ‘करंट सायन्स’ या नियतकालिकातून कुळथाविषयीचा आपला शोध प्रसिद्ध केला. पुढील वर्षी ‘नेचर’मध्ये त्याची पूर्तता केली. कुळीथ दळून मिठाच्या पाण्यात भिजवावे, गाळून घ्यावे, योग्य त्या प्रमाणात विरल करावे. त्या पाण्याचा थेंब ए-एक रक्तात पडताच कण एकत्र होतात, ए-दोन रक्तात होत नाहीत. कृती इतकी साधी आणि निवाडा इतका चोख, की जगातील रक्तपेढ्यांनी ती उचलली. गरिबाचे धान्य म्हणून ज्याची हेटाळणी झाली, बैलाघोड्यांच्या खुराकात ज्याची गणना झाली, ते कुळीथ असे परदेशांतील प्रयोगशाळांच्या फडताळांत जाऊन बसले. त्याच १९५२ साली मुंबईच्या डॉ. भेंडे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे’ या नावाने पुढे विख्यात झालेला दुर्मिळ रक्तगट प्रसिद्ध केला. त्याची पारख करावयास जे लेक्टिन वापरतात, तेही याच कुळातील गॉर्स नावाच्या एका काटेरी झुडपाच्या बियांतून मिळते. हा योगायोग जाता जाता सांगण्याजोगा वाटला.

लंडनमध्ये मॉर्गन व वॉटकिन्स यांनी त्याच काळात समनरची युक्ती अनेक शर्करांवर चालवून पाहिली आणि रक्तगटांचे गूढ उकलले. रक्तकणाच्या पृष्ठभागावर शर्करांच्या लहान साखळ्या असतात. एखाद्या साखळीच्या टोकाशी कोणती शर्करा आहे एवढ्यावरून रक्ताचा गट ठरतो. मग साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला. रोगी पेशी निरोगी पेशीहून निराळी असते. तिच्या अंगावरील शर्कराही निराळ्या असतील काय? आणि असतील तर दाण्यांतील ही प्रथिने त्या ओळखतील काय?

उत्तर एकदम आले नाही. प्रथम एक वेगळाच चमत्कार घडला. फिलाडेल्फियाचे पीटर नॉवेल रक्तातील पांढऱ्या पेशींचा अभ्यास करीत होते. तांबडे कण पुंजके बांधून बाजूला काढावे म्हणून राजम्याच्या जातीच्या घेवड्यातील लेक्टिन रक्तात घालण्याची पद्धत होती. ते द्रव्य केवळ कण वेगळे करून थांबत नाही, तर शांत असलेल्या पांढऱ्या पेशींना विभागण्यास प्रवृत्त करते, असे नॉवेल यांनी १९६० साली सिद्ध केले. पेशी विभागू लागली म्हणजेच तिची गुणसूत्रे स्पष्ट पाहता येतात. रक्ताच्या चार थेंबांतून माणसाची गुणसूत्रे तपासण्याचा मार्ग त्यामुळे जगभर खुला झाला. नॉवेल व हंगरफर्ड यांनी त्याच वर्षी एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात एक विशिष्ट तोकडे गुणसूत्र नेमाने आढळते हे जाहीर केले. तेच ‘फिलाडेल्फिया गुणसूत्र’ होय. त्याचा माग काढीत काढीत २००१ साली इमॅटिनिब नावाचे औषध रोग्याच्या हाती आले.

१९६३ साली बॉस्टनचे जोसेफ ऑब कर्कपेशींवर निरनिराळी पाचक द्रव्ये घालून पाहत होते. गव्हाच्या अंकुरातून काढलेल्या एका द्रव्याने कर्कपेशींचे पुंजके झाले, निरोगी पेशींचे झाले नाहीत. पाचक द्रव्य तापवून निकामी केले तरी पुंजके होतच राहिले! करामत त्या द्रव्यात मिसळून राहिलेल्या गव्हाच्या लेक्टिनाची होती. यानंतर इस्रायलमधील वाइझमन संस्थेत लिओ साक्स व त्यांचे सहकारी यांनी १९६९ साली समनरचे जॅकबीनचे प्रथिन, आणि पुढील वर्षी सोयाबीनचे, असेच वागते हे दाखविले. प्रिन्स्टन येथे माक्स बर्गर यांनी १९७० साली त्याहूनही मनोवेधक प्रयोग प्रसिद्ध केला. जॅकबीनच्या प्रथिनाचे तुकडे करून ते कर्कसदृश पेशींवर पांघरले असता त्यांची बेबंद वाढ थांबली आणि त्या निरोगी पेशींप्रमाणे मर्यादेत राहू लागल्या. त्या वेळी केवढी आशा उसळली असेल याची कल्पना आपण करू शकता. कर्करोगाचे कुलूप आणि पावट्याची किल्ली!

पण शास्त्राचा हिशेब असा एका बैठकीत मिटत नाही. निरोगी पेशींनाही पाचक द्रव्याचा सौम्य स्पर्श झाला की त्याही चिकटू लागत. गर्भातील पेशीही चिकटत, आणि त्या तर कर्करोगाच्या नव्हत. पुढे असे दिसले की निरोगी पेशीसुद्धा जॅकबीनचे प्रथिन जवळजवळ तितकेच धरते. कर्कपेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या जागा अधिक सहज सरकून एकत्र येतात, एवढाच मुख्य भेद. काचेच्या भांड्यातला तो सुंदर प्रयोग रोग्याच्या शरीरात उतरला नाही. गुंज व एरंडी यांच्या विषांचीही हीच गत झाली. ऑस्लो येथील ओल्सनेस व पिल यांनी १९७०नंतरच्या वर्षांत त्यांची रचना उलगडली. त्यांत दोन साखळ्या असतात; एक पेशीला धरते आणि दुसरी आत शिरून प्रथिने बनविण्याचा कारखाना बंद पाडते. अशा शस्त्राने कर्कपेशी मरतात यात शंका नाही, परंतु शेजारची निरोगी पेशीही तितक्याच तत्परतेने मरते. काही रोग्यांवर एरंडीच्या विषाचा प्रयोगही झाला. आशा धरावी असा गुण आला नाही.

ज्या ठिकाणी दाण्याने खरोखर माणसे जगविली ते ठिकाण कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. रक्ताच्या कर्करोगात रोग्याची अस्थिमज्जा नष्ट करून दुसऱ्याची मज्जा घालतात. ती पुरेशी जुळली नाही तर दात्याच्या मज्जेतील टी नावाच्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या शरीरावरच हल्ला करतात. जुळणारा भाऊ वा बहीण नसेल तर पूर्वी उपायच खुंटे. वाइझमन संस्थेतील याइर राइस्नर व नेथन शेरॉन यांनी सोयाबीनचे लेक्टिन मज्जेत मिसळले. त्या टी पेशींपैकी पुष्कळ पुंजके बांधून तळाशी बसल्या, आणि नवे रक्त निर्माण करणाऱ्या मूळ पेशी वर मोकळ्या राहिल्या. उरलेल्या टी पेशी मेंढीच्या रक्तकणांच्या साहाय्याने काढून टाकल्या. न्यूयॉर्कमधील एका मोठ्या कर्करोग रुग्णालयाच्या सहकार्याने १९८१ साली या पद्धतीने, अर्धीच जुळणारी आईबापांची मज्जा रक्ताच्या कर्करोगात घालण्यात आली. लवकरच जन्मतःच प्रतिकारशक्ती नसलेल्या बालकांवर हा उपचार झाला, आणि एरवी जी वर्ष-दोन वर्षांत दगावली असती अशी अनेक बालके वाढली, शाळेत गेली. येथे सोयाबीन कोणी खाल्ले नाही. ते चाळणीसारखे वापरले गेले.

खाण्याच्या संबंधात मात्र भुईमुगाची हकीकत मोठी बोधक आहे. पुण्यात कुळथाचा शोध लावणारे तेच डॉ. बर्ड; त्यांनी १९६४ साली शेंगदाण्यातील लेक्टिन रक्तकणांवरील ‘टी’ नावाच्या एका झाकलेल्या शर्करेला धरते असे प्रसिद्ध केले. या ‘टी’चा वर सांगितलेल्या टी पेशींशी काही संबंध नाही. निरोगी पेशीत ही शर्करा दुसऱ्या एका शर्करेच्या टोपीखाली दडलेली असते. शिकागोचे गेओर्ग स्प्रिंगर यांनी पुढे दाखविले की आतडे, स्तन इत्यादी अवयवांच्या बहुतेक कर्करोगांत ती टोपी उडते आणि ‘टी’ उघडी पडते. म्हणजे शेंगदाण्याचे लेक्टिन कर्कपेशीची खूण ओळखते. मग शेंगदाणे खाल्ल्याने कर्करोग बरा होईल काय? लिव्हरपूलच्या जोनाथन ऱ्होड्स यांनी हे लेक्टिन आतड्याच्या कर्कपेशींवर घातले तेव्हा त्यांची वाढ थांबण्याऐवजी जोमाने झाली! १९९८ साली त्यांच्या गटाने निरोगी माणसांना पाच दिवस रोज १०० ग्रॅम शेंगदाणे खावयास दिले. ज्यांच्या आतड्यात ‘टी’ उघडी होती त्यांच्या तेथील पेशी अधिक वेगाने विभागू लागल्या. याच्या नेमके उलट, बाकल्याच्या दाण्यातील लेक्टिनाने आतड्याच्या काही कर्कपेशी भांड्यात पुन्हा शिस्तीने रचना करू लागल्या, असे १९९९ साली इंग्लंडमध्येच आढळले. दोन्ही दाणे एका कुळातले, दोघेही पेशीची शर्करा धरणारे. एक चेतवतो आणि दुसरा आवरतो. पाच दिवसांच्या वेगावरून शेंगदाण्याने कर्करोग होतो असे कोणी म्हणू नये. परंतु लेक्टिन आहे म्हणून ते कर्करोगाचे औषध, हे अनुमानही त्याच तराजूत उतरते.

सोयाबीनमधील बोमन-बर्क नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाचीही मोठी कसोटी झाली. तंबाखूने तोंडात जे पांढरे चट्टे पडतात, ज्यांतून पुढे कर्करोग उद्भवू शकतो, त्यांवर ते द्रव्य देऊन पाहिले. पहिल्या लहान प्रयोगात चट्टे कमी झालेले दिसले. मग चिठ्ठ्या टाकून निम्म्या रोग्यांना ते द्रव्य व निम्म्यांना निर्गुण पुडी दिली. २०१३ साली निकाल लागला, आणि चट्टे दोन्हीकडे सारखेच उणे झालेले आढळले. ज्या देशात तोंडाचा कर्करोग एवढा फैलावला आहे तेथे या निकालाची नोंद ठळक अक्षरांत व्हावयास हवी होती, असे मला वाटते.

राहता राहिला ताटातल्या आमटीचा प्रश्न. लेक्टिने ही प्रथिने आहेत, आणि पुरेशी उकळी आली की त्यांतील बहुतेक मोडतात. आपल्या वैद्यांनी गुंजेला उपविषांत घालून ती दुधात किंवा कांजीत शिजविल्यावाचून वापरू नये असे सांगितले, त्यातील मर्म हेच. राजम्याचे चारपाच कच्चे दाणेही जोराच्या ओकाऱ्या व जुलाब आणण्यास पुरतात. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा तर कच्च्याहूनही वाईट ठरू शकतो. तो पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे, आणि नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळावा. केमोथेरपीने आधीच अन्न पोटात न ठरणाऱ्या रोग्याला कोणी कच्च्या कडधान्याचे पाणी पाजू लागले, तर त्याचा हात धरावा. शिजलेल्या कडधान्याची गोष्ट निराळी. तीत लेक्टिन उरत नाही, पण तंतू उरतात. आणि तंतुमय अन्नाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संभव बहुधा कमी होतो, असा निर्वाळा जागतिक कर्करोग संशोधन निधीने २०१८च्या आपल्या अहवालात दिला आहे. ‘बहुधा’ हा शब्द त्यांचाच आहे, आणि तो टळण्यासाठी होतो, झालेला बरा होण्यासाठी नव्हे.

डॉ. बर्ड यांच्या कुळथाचा अर्क रक्तपेढ्यांत अजूनही वापरला जातो. बाटलीवर त्याचे जुने शास्त्रीय नाव, डॉलिकॉस बायफ्लोरस, असते. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते केव्हाच बदलले, पण रक्तपेढीने बदललेले नाही.